डागांची कैफियत

सरकारी कचेरी असो, महाविद्यालयाचे कार्यालय असो की पुण्याच्या आप्पा बळवंत चौकालगतचे एखादे छपाईचे दुकान असो, रंगीत लेझर प्रिंटरमधून बाहेर पडलेल्या कागदावर एखादी उभी रेघ उमटली, एखादा रंग फिका पडला किंवा कोऱ्या समासावर राखाडी छटा पसरली, की आपल्याकडे एकच उपाय रूढ झालेला आहे आणि तो म्हणजे कार्ट्रिज बदलणे. ते बदलूनही रेघ गेली नाही तर दुसरे बदलणे, आणि चारही रंगांची कार्ट्रिजे नवी आणूनही रेघ आपल्या जागी कायम राहिली तर सबंध यंत्रच निकामी ठरवून भंगारात काढण्याची शिफारस वरिष्ठांकडे पाठविणे. या शिरस्त्याविरुद्ध मला तक्रार नोंदवावयाची आहे. कागदावर उमटलेला दोष हा त्या यंत्राने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला जबाब असतो. तो पानावर कोठे उमटला, किती अंतराने पुन्हा उमटला, कोणत्या रंगात उमटला आणि बोटाने पुसला असता जातो की राहतो, एवढ्या चार गोष्टी ध्यानपूर्वक पाहिल्या तर दोषी भाग बहुधा हुडकून काढता येतो. आणि हा जबाब न वाचताच निकाल देऊन मोकळे होण्याची जी सवय आपल्या कार्यालयांना जडली आहे, ती निदान पुणे शहराने तरी टाकून द्यावी, असे मला मनापासून वाटते.

निदान पुण्याने असे म्हणतो याला कारण आहे. नाना फडणविसांच्या कारकीर्दीत, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट येथे असताना, तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्याचा उद्योग याच शहरात आरंभिला गेला. १८०० साली नाना निवर्तले आणि तो येथे तडीस गेला नाही, परंतु त्या कामात तयार झालेला तांबट कारागीर मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयास गेला आणि १८०५ साली तेथे ती गीता छापून निघाली. पुढे १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी पुण्यात चित्रशाळा काढली, आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे शिळाछापावर छापून घरोघर पोहोचविली. राजा रविवर्म्याचा छापखानाही १८९९ च्या सुमारास मुंबई सोडून याच जिल्ह्यातील मळवलीस आला. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागत असे, एकच कागद पुनःपुन्हा यंत्राखालून जात असे, आणि तो तसूभर जरी सरकला तरी मुकुटाचे सोने कपाळावर उतरत असे. तेव्हा असा बिघडलेला कागद हातात घेऊन, कोणता दगड सरकला, कोणत्या रंगाची शाई पातळ झाली आणि कागदाने ओल कोठे धरली, हे उजेडाकडे पाहून सांगणे हे छापखान्यातील मशिनमनचे नित्याचे काम होते. ट्रेडल यंत्रावर लग्नपत्रिका छापणारा सदाशिव पेठेतील कारागीरही अक्षर कोठे जड उठले आणि कोठे उठलेच नाही हे पाहून खिळ्यांखाली कागदाची पट्टी सारीत असे. दोषावरून कारणाकडे जाण्याची ही विद्या छापखान्यांत जिवंत होती, आणि छपाईचे यंत्र छापखान्यातून उठून प्रत्येक कारकुनाच्या मेजावर आले त्या स्थलांतरात ती मात्र मागे राहून गेली.

एखाद्या रेघेचा वा ठिपक्याचा एवढा बाऊ कशासाठी, असे कोणी विचारील. देवनागरी लिपीचा स्वभाव ज्याने लक्षात घेतला आहे तो असे विचारणार नाही. आपल्या लिपीत एक ठिपका हा अर्थाचा वाहक आहे. शिरोरेषेच्या वर टोनरचा एक कण पडला की ‘नदी’चा ‘नंदी’ होतो आणि ‘पत’ जाऊन तेथे ‘पंत’ येतात. क्षेत्रफळाच्या आकड्यांमध्ये तोच कण पडला तर दशांशचिन्हाचा भास होतो. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख यांचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे, आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा राज्यभर मिळू लागल्यामुळे अस्सल नोंद संगणकात सुरक्षित असते हे खरे. परंतु बँकेत, न्यायालयात आणि पंचायतीच्या कचेरीत माणसाच्या हाती असतो तो छापलेला कागदच, आणि त्यावरच्या पडताळणी क्रमांकावरून एक पांढरी रेघ गेली तर त्या गरिबाला पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. रंगांची गोष्ट तर याहूनही गंभीर आहे. इमारतीच्या नकाशांत नवे नियोजित बांधकाम तांबड्या रंगाने आणि पाडावयाचे बांधकाम पिवळ्या रेखांकनाने दाखवावे, असा बांधकाम नियमांचा जुना संकेत आहे. रंगीत लेझर प्रिंटरमध्ये तांबडा रंग स्वतंत्र नसतो. मॅजेंटा म्हणजे किरमिजी आणि पिवळा या दोन टोनरांच्या संयोगाने तो सिद्ध होतो. किरमिजी टोनर क्षीण झाला की तांबडे पिवळ्याकडे झुकू लागते, आणि उभारावयाची भिंत व पाडावयाची भिंत यांतला भेद सांगण्याचे काम एकट्या रेखांकनावर येऊन पडते. अशा कागदावर सह्या होत असतील तर छपाईचा दोष ही केवळ सौंदर्याची बाब राहत नाही.

आता जबाब वाचावयाचा तर जबाब देणाऱ्याची थोडी ओळख हवी. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्क शहरातील अॅस्टोरिया या भागात चेस्टर कार्लसन या गृहस्थाने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विद्युत्भारित केला, अक्षरे लिहिलेली काच त्यावर धरून उजेड पाडला, आणि वर वनस्पतीची बारीक भुकटी पसरून ती फुंकली, तेव्हा अक्षरांच्या जागी तेवढी भुकटी चिकटून राहिली. ती त्याने मेणकागदावर उतरवून घेतली. पेटंटच्या कामात नकला करून करून तो त्रासला होता, आणि त्या त्रासातून निघालेली ही युक्ती १९५९ साली झेरॉक्सच्या यंत्राच्या रूपाने जगभर गेली. पुढे १९६९ च्या सुमारास त्याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर याने काचेतून येणाऱ्या उजेडाच्या जागी लेझरचा किरण वापरण्याची कल्पना मांडली, आणि १९८४ पासून मेजावर मावणारे लेझर प्रिंटर बाजारात आले. आजच्या यंत्रात गंधकाच्या पत्र्याच्या ठिकाणी प्रकाशसंवेदी लेप दिलेला ड्रम असतो. त्यावर प्रथम विद्युत्भार दिला जातो, लेझरचा किरण पडेल तेथला भार उतरतो, तेथे टोनरची भुकटी चिकटते, आणि पुष्कळशा रंगीत यंत्रांत अशा चार ड्रमांवरून निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार थर एका पट्ट्यावर एकावर एक बसून मग कागदावर उतरतात. येथपर्यंत ते चित्र रांगोळीसारखे असते, बोट लागले की विसकटणारे. शेवटी फ्यूजर नावाच्या तप्त रुळांमधून कागद जातो, तेथे दीडशे-दोनशे अंशांच्या उष्णतेने टोनरमधले प्लास्टिक वितळते आणि अक्षर कागदाच्या तंतूंत रुतून बसते. भार, प्रकाश, भुकटी, उतरण आणि उष्णता ही जी पाच ठाणी, त्यांपैकी कोणत्या ठाण्यावर गफलत झाली एवढाच काय तो तपास असतो.

या तपासातील सर्वांत सुंदर साधन म्हणजे शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी. यंत्रातील जवळजवळ प्रत्येक भाग गोल फिरणारा आहे, आणि फिरणाऱ्या रुळावर एखादा ओरखडा किंवा खडा असेल तर त्याचा ठसा रुळाच्या परिघाइतक्या अंतराने कागदावर पुनःपुन्हा उमटणे अटळ आहे. समजा, कागदावर एका रेषेत खाली खाली ठिपके पडले आहेत आणि दोन ठिपक्यांमधले अंतर पट्टीने मोजले असता ते ९४ मिलिमीटर भरले. ९४ ला ३.१४ ने भागले की ३० येतात, म्हणजे दोषी रुळाचा व्यास ३० मिलिमीटर, आणि तो बहुधा ड्रम असणार. अंतर ७५ भरले तर व्यास २४ चा. अंतर याहून पुष्कळ कमी भरले तर भार देणारा अथवा टोनर पुरविणारा बारीक रूळ संशयास पात्र. निर्माते आपापल्या यंत्राचे हे अंतरांचे कोष्टक दुरुस्तीच्या पुस्तकात देत असतात, आणि काही यंत्रे तर मेनूमधून तशी मोजपट्टीच छापून देतात. पाचवी-सहावीतल्या मुलाला येणाऱ्या भूमितीने एवढ्या किमतीच्या यंत्राचा रोग ओळखता यावा, यात मला विलक्षण आनंद वाटतो, आणि ती भूमिती हाताशी असून कोणी वापरीत नाही याचे दुःखही तितकेच वाटते.

अंतराच्या खालोखाल महत्त्व रंगाचे. मूळ फाइलचा किंवा संगणकाचा दोष यंत्राच्या माथी मारला जाऊ नये म्हणून प्रथम संगणक बाजूला ठेवून यंत्राच्या स्वतःच्या मेनूतून चारही रंगांचे पट्टे दाखविणारे चाचणीचे पान छापून घ्यावे. रेघ एकाच रंगाच्या पट्ट्यात दिसली तर त्या रंगाचे कार्ट्रिज वा ड्रम. चारही रंगांत एकाच जागी दिसली तर दोष सामाईक भागात, म्हणजे चारही थर वाहून नेणाऱ्या पट्ट्यात किंवा फ्यूजरमध्ये, आणि अशा वेळी कार्ट्रिजांवर केलेला खर्च सर्वस्वी वाया जाणारा. एकाच रंगात सरळ उभी पांढरी रेघ असेल तर पुष्कळदा लेझरच्या काचेवर बसलेली धूळच तिच्या मुळाशी असते, आणि पेठांतल्या रस्त्याला लागून असलेल्या दुकानांत ती किती सहज बसते हे सांगावयास नको. रंगांच्या कडा एकमेकींपासून सुटून अक्षराला दुहेरी झालर आली तर ती चित्रशाळेच्या काळचीच अडचण, दगड सरकल्याची. त्यावर यंत्रातील कॅलिब्रेशनची आज्ञा एकदा चालवून पाहावी. अक्षर बोटाने पुसले जात असेल तर फ्यूजर तापत नाही, किंवा जाड कागद घालूनही यंत्राला साधा कागद असल्याचे सांगितलेले आहे. ही दुसरी शक्यता फार वारंवार खरी ठरते आणि तिच्या दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही. नक्कल काढताना काळी रेघ येते परंतु संगणकावरून छापताना येत नाही, अशी तक्रार असेल तर छपाईचा भाग निर्दोष असून, कागद आपोआप ओढून वाचणाऱ्या भागाखालच्या चिंचोळ्या काचेवर खळीचा नाहीतर खाडाखोडीच्या पांढऱ्या शाईचा थेंब वाळलेला असतो. आणि एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर जाणते कारागीर पान अर्धे छापून होताच यंत्राचे दार उघडून थांबवितात. ड्रमवर चित्र चांगले असून पट्ट्यावर बिघडलेले असेल किंवा पट्ट्यावर चांगले असून कागदावर बिघडलेले असेल, तर कोणत्या दोन ठाण्यांच्या दरम्यान गुन्हा घडला हे तत्क्षणी उघड होते. फ्यूजर तेव्हा चांगलाच तापलेला असतो आणि ड्रमला उघडा उजेड सोसत नाही, म्हणून हे काम माहीतगारानेच करावे.

जाता जाता एक गोष्ट. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना सहसा न दिसणारे सूक्ष्म पिवळे ठिपके जाळीच्या आकारात छापतात. त्यांत यंत्राचा क्रमांक आणि छपाईची वेळ सांकेतिक रूपाने नोंदलेली असते, आणि २००५ साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशन या संस्थेने अशा एका यंत्राचा संकेत उलगडून दाखविला. भिंगातून ते दिसले म्हणून कोणी पिवळे कार्ट्रिज बदलू नये. गिऱ्हाइकाला स्पष्ट शब्दांत न सांगता त्याच्या कागदावर अशी खूण करणे मला योग्य वाटत नाही, पण तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

या सर्वांहून अधिक दुर्लक्षित कारण पुण्याच्या हवेत आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून येथे आले आणि शिवाजीनगरच्या वेधशाळेची निरीक्षणे आपण रोज वर्तमानपत्रांत वाचतो, परंतु त्या आकड्यांचा आपल्या मेजावरील यंत्राशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. एप्रिलच्या दुपारी इथली हवा कोरडी ठक्क होते, तेव्हा कागदांत स्थिर विद्युत् साचून ते एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन पाने ओढली जातात. ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, उघडे पडलेले रीम ती मुकाट्याने पिऊन घेते, आणि ओला कागद विजेला वाट करून देत असल्याने टोनर ओढून घेण्यासाठी त्याच्या पाठीवर दिलेला भार टिकत नाही. मग भरीव रंगाच्या जागी ठिगळे ठिगळे दिसतात, आणि फ्यूजरमध्ये त्या ओलाव्याची वाफ होऊन पान सुरळीसारखे वळते. गणेशोत्सवाची अहवाल-पत्रके आणि वर्गणीच्या पावत्या यांची घाई नेमकी याच दिवसांत असते, आणि तेव्हा ‘यंत्र बिघडले’ म्हणून जे काही ऐकू येते त्यातले पुष्कळसे यंत्राचे नसून कागदाचे असते. रीमचे वेष्टन छपाईच्या वेळीच फोडावे, उरलेला कागद पुन्हा बंद करून ठेवावा, आणि गोदामातून आणलेला गठ्ठा फोडण्यापूर्वी एक दिवस त्याच खोलीत राहू द्यावा, एवढे नियम पाळले तरी पावसाळ्यातल्या तक्रारींत मोठी घट होईल.

कार्ट्रिज पुन्हा भरून वापरण्याच्या प्रथेला नावे ठेवण्याची एक पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. बुधवार पेठेत आणि तपकीर गल्लीच्या परिसरात हे काम करणारे कारागीर आहेत, ज्यांच्या तोंडी पीसीआर, मॅग रोलर, डॉक्टर ब्लेड, वायपर ब्लेड हे शब्द गृहिणीच्या तोंडी डाळी-पिठांची नावे असावीत इतक्या सहजपणे येतात, आणि त्यांतले चांगले कारागीर भरलेल्या कार्ट्रिजसोबत चाचणीचे पान दिल्याशिवाय पैसे घेत नाहीत. दोष भरण्यात नसून अर्धवट भरण्यात आहे. झिजलेला ड्रम आणि तो पुसणारे बोथट वायपर ब्लेड तसेच ठेवून नुसती भुकटी ओतली, किंवा एका यंत्राची भुकटी दुसऱ्या यंत्राच्या भुकटीत मिसळली, तर दोहोंचा विद्युत्भार आणि वितळण्याची उष्णता जुळत नाही. समासावर राखाडी छटा पसरते आणि अक्षरे सुटू लागतात. मात्र अशी भुकटी निवडण्यास भाग कोण पाडतो हेही पाहिले पाहिजे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून कार्ट्रिज भरून घेणाऱ्या कार्यालयाने ड्रम व ब्लेड बदलण्याची अट निविदेत कधी घातलेलीच नसते.

कायदा या बाबतीत आपल्या विरोधात नाही. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क या कंपनीच्या खटल्यात असा निर्णय दिला की, कार्ट्रिज एकदा विकले की त्यावरील पेटंटचा हक्क संपला, आणि ते भरून पुन्हा विकणाऱ्यास त्या हक्काच्या आधारे अडविता येणार नाही. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ उघडले आहे, ज्यावर निर्मात्यांनी दुरुस्तीची माहिती व सुट्या भागांचा तपशील द्यावा अशी अपेक्षा आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिजे यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे जुनी कार्ट्रिजे घंटागाडीत टाकणे हा नियमभंग ठरतो. टोनरची भुकटी केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी बारीक असते. ती साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या गाळणीतून आरपार निघून खोलीभर पसरते, आणि कचरावेचकांच्या श्वासात ती जावी हे कोणालाही आवडणार नाही. सांडल्यास ती ओल्या फडक्याने आणि थंड पाण्याने पुसावी; गरम पाण्याने ती वितळून कायमची बसते.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पुण्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रंगीत लेझर प्रिंटरसोबत त्याच्या रुळांच्या अंतरांचे कोष्टक मराठीत छापून द्यावे, आणि ते दाराच्या आतल्या बाजूस चिकटविलेले असावे. महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि विद्यापीठ यांनी असा दंडक घालावा की कार्ट्रिज बदलण्याच्या प्रत्येक मागणीपत्रास दोष दाखविणारे चाचणीचे पान तारखेसह जोडलेले असेल, ड्रम अथवा पट्टा बदलण्याच्या मागणीपत्रावर मोजलेले अंतर लिहिलेले असेल, आणि यंत्र निर्लेखित करण्याच्या प्रस्तावासोबत अशी सर्व पाने सादर होतील. १९०९ पासून चालत आलेल्या पुणे विद्यार्थी गृहाने मुद्रणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण या शहरात रुजविले आहे. त्याच संस्थेने पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या सुट्टीत, कार्यालयांतील लिपिकांसाठी आणि कार्ट्रिज भरणाऱ्या कारागिरांसाठी एका दिवसाचा वर्ग घ्यावा, ज्यात पट्टी, भिंग आणि दोषयुक्त पानांचा एक गठ्ठा याखेरीज काही सामग्री लागणार नाही. ती पाने जमविण्यास अडचण पडू नये. ती आज शहरातील प्रत्येक कार्यालयाच्या रद्दीत आहेत, आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आपण सध्या हिशेब मांडीत असतो.